जहाजांच्या फोटोंत बाप शोधताना

"बेटी, पंखा बंद कर पहिले," चाचा म्हणाले आणि हातातला मेणकापडाचा पुडा त्यांनी माझ्या काउंटरच्या काचेवर ठेवला.

मी पंखा बंद केला. वाशीमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो, एवढाच पसारा. उन्हाळा लागला की दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे मी एकटीच होते. चाचांना मी लहानपणापासून ओळखत होते. जुन्या गावात त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. लग्नात द्यायच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या त्यांनी आयुष्यभर बनवल्या. आता पेट्या कोणी घेत नाही, म्हणून त्यांची मुलं तिथेच कूलर बनवतात आणि चाचा दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. आत ठोके पडत असतात आणि हे पाठमोरेच सांगतात की कोणाचा हातोडा तिरका पडला. माझ्या आईच्या लग्नातली पेटीही त्यांच्याच हातची. आमचा भाजीपाल्याचा मळा गावाला लागूनच. लहानपणी बाबांसोबत बाजारात जाताना त्या दुकानावरून जावं लागायचं आणि त्या आवाजाने मी कानांवर हात ठेवायचे.

चाचांनी पुडा उघडला. आत फोटो होते, शाळेच्या पाटीएवढे, जाड कागदावरचे. कडांना चांदीसारखी चमक आलेली, एक-दोन फोटोंच्या कोपऱ्यांना कसर लागलेली. अकरा फोटो. आणि अकराही फोटोंत जहाजं.

मी इतक्या वर्षांत हजारो जुने फोटो साफ केले असतील. नवरानवरी, आजोबा, शाळेचे वर्ग, फार तर सर्कशीतला हत्ती. वाशीममध्ये कोणी जहाजांचे फोटो घेऊन येईल असं मनातही आलं नव्हतं. धक्क्याला टेकून उभी असलेली अजस्र मालवाहू जहाजं. त्यांची काळी धुरांडी, डोलकाठ्या, दोरखंडांचं जाळं. मालाच्या गाठी जाळ्यात बांधून वर उचललेल्या, अर्ध्या हवेत. धक्क्यावर पिंपं, पोती, बैलगाड्या, आणि माणसंच माणसं. पाण्यात लहान लहान होड्या एकमेकींना खेटून उभ्या. मागे आणखी जहाजं, त्यामागे आणखी, शेवटची तर धुरात नुसत्या रेघांसारखी.

"मुंबईची गोदी," चाचा म्हणाले. "जुनी. माह्या जन्माच्या वक्ताची."

"तुमच्याकडे कुठून आले हे?"

ते स्टुलावर बसले. पाणी मागितलं, प्यायले आणि मग सांगितलं. त्यांचे वडील कामासाठी मुंबईला गेले तेव्हा चाचा आईच्या पोटात होते. वडील मध्ये एकदा घरी आले, चारआठ दिवस राहिले, परत गेले. पुढे तिकडेच तापाने गेले आणि तिकडेच त्यांना पुरलं. सोबतच्या एका माणसाने त्यांची पेटी आणून दिली. पेटीत दोन सदरे, एक लुंगी आणि हे फोटो.

"माय हे फोटो कपड्याइच्या खाली ठेवे. आमी विचारलं का म्हने, हे तुमच्या बापाचं काम हाय. बास. त्याच्या वर कधी बोलली नाही."

"आणि वडिलांचा फोटो?"

"नाही ना बेटी. एक बी नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो, पन माहा बाप कसा दिसे ते मले माहीत नाही." त्यांनी एका फोटोवर, धक्क्यावरच्या गर्दीवर, बोट न टेकवता ते वरूनच फिरवलं. "तो गोदीत काम करे. मंग यातच कुठी तरी असन ना? तुह्या मशीनवर हे मोठं होते म्हन्तात. मले शोधून दे."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाच ते फोटो ठेवून घ्यायचे होते.

पुढचे तीन आठवडे चाचा रोज दुपारी जेवण करून यायचे. मी सगळे फोटो भरपूर मोठे स्कॅन केले होते. कडा खराब होत्या, डाग होते, म्हणून प्रत्येक फोटोच्या चारही बाजू थोड्या कापून टाकल्या आणि मधला भाग पडद्यावर घेतला. चाचा माझ्या शेजारी बसायचे. मी फोटो हळूहळू सरकवायचे आणि ते "थांब" म्हणाले की थांबायचे.

सुरुवातीला ते माणसांपेक्षा जहाजाकडेच जास्त बघत. जहाजाचं काळं अंग मोठं केलं की पत्र्याला पत्रा जोडलेला दिसे आणि सांध्यावर रिबिटींची, पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, रांगच्या रांग.

"हे पाह्य," ते म्हणायचे. "केवढी मोठी पेटी बनवली लेका! एक रिबीट इकडची तिकडे नाही. आन् पानी आत येऊ द्यायचं नाही म्हंजे काय गंमत हाय का? आमच्या कोठीत मुंगी जाते."

एका फोटोत जाळ्यात लटकलेल्या कापसाच्या गाठी होत्या. दाबून, पट्ट्या आवळून बांधलेल्या. चाचांचं म्हणणं की आपल्याच इकडचा कापूस असणार. मी म्हटलं, असेल, त्यावर लिहिलेलं वाचता येत नाही. "मंग नसन तरी कायले म्हनतं?" ते म्हणाले आणि त्या गाठी वऱ्हाडच्याच ठरल्या.

माणसं मात्र त्रास देत होती. जहाज स्थिर असतं, त्यामुळे त्याची रिबीट न् रिबीट उमटते. माणूस हलतो. त्या काळचा कॅमेरा झटकन डोळा मिटत नसे, आणि गोदीत कोणी हात बांधून उभं राहत नव्हतं. जो पोतं उचलत होता त्याला दोन पाठी आलेल्या. जो चालत होता त्याचे पाय पुसून गेलेले. जेवढा एखादा जास्त कामात, तेवढा तो कमी दिसत होता. चाचांना मी हे समजावून सांगितलं.

"म्हंजे आयशी, कामचोर लोकंच फक्त दिसतीन?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं, त्यांना आलं नाही.

चाचांच्या आईने सांगितलेली एकच खूण त्यांना ठाऊक होती. वडील उंच होते आणि डाव्या खांद्यावर रुमाल टाकत. तिसऱ्या आठवड्यात सातव्या फोटोत असा एक माणूस सापडला. जहाजावर चढायच्या फळीपाशी उभा, बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच, डाव्या खांद्यावर काहीतरी पांढरं. तोंड कॅमेऱ्याकडे. पण सगळा चेहरा तिळाएवढा, आणि मोठा केला की त्याचे करड्या रंगाचे चौकोन होत. डोळ्यांच्या जागी दोन काळपट ठिपके.

"हाच," चाचा म्हणाले.

"चाचा, रुमाल कोणाच्याही खांद्यावर असतो."

"हाच हाय. याचं थोबाड साफ कर."

इथून पुढचं सांगताना मला अजून अवघड जातं.

आमच्या धंद्यात खोटं नवीन नाही. जन्मभर धोतर-बंडीत वावरलेल्या माणसाचा हार घालायचा फोटो करताना आम्ही त्याला कोट-टाय चढवतो. पांढरी दाढी गुळगुळीत करतो, मागे बाग लावतो. घरचेच सांगतात तसं करायला. माझ्या स्वतःच्या बाबांना मी त्यांच्या आधार कार्डावरच्या फोटोवरून करडा कोट घातलाय. त्यांनी आयुष्यात कोट घातला नाही. मळ्यात पाणी देताना घालायचे ती बनियनच मला त्यांच्या अंगावर आठवते. तरी तो फोटो भिंतीवर आहे आणि आई त्याला रोज उदबत्ती लावते. चेहरा तर खरा आहे ना, असं मी स्वतःला सांगत आले.

पण आता नवीन सॉफ्टवेअर आलं आहे. त्यात पुसट चेहरा टाकला की ते चेहरा लख्ख करून देतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा यायच्या आधी मी तो तिळाएवढा तुकडा त्यात टाकला. थोड्या वेळाने पडद्यावर एक माणूस आला. मिशा, भुवया, नाकाच्या शेंड्यावरचं ऊन, सगळं होतं. मी दचकून मागे सरले. ऐंशी वर्षं धुरकट पडलेला माणूस एकदम माझ्याकडे बघत होता.

मग मी ते बटण पुन्हा दाबलं. का दाबलं ते मला माहीत नाही. या वेळी दुसराच माणूस आला. हनुवटी रुंद, मिशा नाहीत. तिसऱ्यांदा दाबलं, तिसराच.

तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. त्या दोन काळ्या ठिपक्यांत चेहरा नव्हताच. यंत्र तिथे आपल्या मनाने एकेक चेहरा बसवत होतं. मी तिन्ही चेहरे शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. पहिल्याची भुवई चाचांसारखी होती, मधून थोडी तुटलेली. मी तो पहिला ठेवला आणि बाकीचे दोन पुसून टाकले.

दुपारी चाचा आले. मी म्हटलं, "थोडं साफ केलंय."

एवढंच म्हटलं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत घातला. मग स्वतःच्या भुवईवर बोट फिरवलं. "या खुदा," असं काहीतरी पुटपुटले आणि त्यांना रडू फुटलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्या दुकानात स्टुलावर बसून लहान लेकरासारखा रडत होता, आणि मी त्यांना पाणी देत होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, यांना समाधान मिळालं, कोणाचं काय बिघडलं?

फोटो छापला, चौकट केली. चाचांनी ती छातीशी धरली आणि म्हणाले, "आता आपाले दाखवाव लागन."

आपा म्हणजे त्यांची मोठी बहीण, अनसिंगला नातवाकडे राहायची. वय पंच्याऐंशीच्या वर. वडील घरी आले होते तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वडिलांना पाहिलेलं जिवंत माणूस आता तेवढं एकच उरलं होतं, पण ती लहानपणीच लग्न होऊन गेली आणि घरात बापाचं नाव निघत नसे, म्हणून चाचांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. हे मला तोवर माहीत नव्हतं.

"तू बी चाल," ते म्हणाले. "तूच तं काढला त्याले बाहेर."

सकाळच्या बसने आम्ही अनसिंगला गेलो. चाचांनी चौकट टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती आणि खड्डा आला की ते ती उचलून धरत. कंडक्टरने विचारलं, काय आहे, तर म्हणाले, "माहा बाप हाय." कंडक्टर हसला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आपा अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, नजर चांगली. भाऊ आलेला पाहून तिने लसणाचं सूप बाजूला ठेवलं, मला जवळ बसवलं, नातसुनेला चहा टाकायला सांगितलं. बहीणभाऊ आपसात हिंदीत बोलत आणि माझ्याकडे वळले की वऱ्हाडीत. चाचांनी टॉवेल सोडला आणि चौकट तिच्या हातात दिली.

आपाने चौकट लांब धरली, जवळ धरली.

"ये कौन है?" तिने विचारलं.

"पहचान ना आपा."

"तेरे सुसराल का है क्या कोई?"

"आपा, अब्बा है!"

तिने पुन्हा पाहिलं. या वेळी बराच वेळ. मग चौकट उपडी करून खाटेवर ठेवली. "नहीं रे," ती सावकाश म्हणाली. "ये अब्बा नहीं है." आणि माझ्याकडे वळून, जणू मला जास्त समजेल म्हणून, "माह्या बापाले देवीचे वण होते ना बाई. पुऱ्या तोंडावर. मी लहान होती तं बोट घालून मोजू. अन् मिश्या त्यानं कधी ठेवल्याच नाही."

चहा आला, तो कोणी उचलला नाही. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते म्हणून आपाला विचारलं, की तुमचे वडील गोदीत ओझी उचलायचे का?

"ओझे?" ती म्हणाली. "पहिले असन. मंग तं तो एका फोटोवाल्या साहेबापाशी होता. साहेब जहाजाचे फोटो काढे. माहा बाप त्याची ती तीन टांगाची तिपाई वागवे, डब्बा वागवे. घरी आला तं आमाले सांगे. म्हने, ऊन असलं का मले डब्ब्यावर छत्री धरा लागते. साहेबावर नाही, माह्यावर नाही, डब्ब्यावर! आमी पोट्टे इतके हसलो, इतके हसलो. एकेक फोटो बिघडला का साहेब त्याले देऊन टाके. ते हे आले ना पेटीत."

मला त्यांच्या आईचे शब्द आठवले. हे तुमच्या बापाचं काम. मुलांनी त्याचा अर्थ लावला जहाजं. आणि आई म्हणत होती ते फोटोंबद्दल.

पण त्या क्षणी हा विचार करायला सवड नव्हती. चाचा उठले होते.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. चौकट आता टॉवेलाशिवाय, पायांपाशी उभी होती. गाव मागे पडलं तेव्हा मी बोलायला लागले. सगळं सांगितलं. तिळाएवढा चेहरा, त्यात काहीच नसणं, तीन वेळा बटण दाबणं, तीन चेहरे, आणि त्यांतला भुवईवरून मी निवडलेला एक.

त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "बरं. आपला नाही तं नाही. पन हा बी कोनाचा तरी बाप असन."

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. पण एकदा गप्प बसून झालं होतं.

"नाही चाचा. हा कोणाचाच नाही. असा माणूस कधी झालाच नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. "आन् मी त्याच्यासाठी रडलो," ते म्हणाले.

वाशीमला उतरलो तेव्हा चौकट बसमध्येच राहिली होती. मी वर चढून आणायला निघाले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि चालायला लागले.

नंतर आठवडाभर ते आले नाहीत. फोटोंचा पुडा माझ्याकडेच होता. एकदा मी तो परत द्यायला म्हणून निघाले आणि जुन्या गावाच्या वळणावरून माघारी आले. घरी आईला सांगितलं. आई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने एकच विचारलं, "माफी मागितली का?" मी म्हटलं, खरं सांगितलं. "ते वेगळं," आई म्हणाली आणि दुसरी जुडी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी पुडा शेवटचा उघडला. परत द्यायचे तर नवीन कागदात नीट गुंडाळून द्यावेत म्हणून एकेक फोटो पुसत होते. मऊ ब्रशने कडांवरची धूळ काढत चौथ्या फोटोच्या खालच्या बाजूला आले आणि हात थांबला.

त्या फोटोत जहाज उजवीकडे होतं, समोर मोकळा धक्का. वरचा भाग मी पडद्यावर शंभरदा पाहिला होता. खालची पट्टी मी कधी पाहिलीच नव्हती, कारण पिवळट डाग होता म्हणून स्कॅन करतानाच मी ती कापून टाकली होती. तिथे धक्क्याच्या फरशीवर सावल्या पडल्या होत्या. मुंबईची गोदी शहराच्या पूर्वेला. त्यामुळे उतरतं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर आलेलं आणि सावल्या लांब होऊन पुढे, जहाजाकडे गेलेल्या. एक सावली तीन पायांची आणि तिच्यामागे वाकलेला, डोक्यावरून कापड घेतलेला माणूस. आणि त्यांच्या शेजारी दुसरी सावली, उंच, सरळ. तिचा एक हात आडवा लांब केलेला, आणि हाताच्या टोकाला छत्री.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि तो फोटो घेऊन तशीच चालत निघाले.

चाचा खुर्चीवर बसलेले होते. मला पाहून त्यांनी पाय जवळ घेतले, एवढंच. आत ठोकाठोक चालू होती. मी आधी माफी मागितली. आईने सांगितलं होतं तशी, कारण न देता. ठोक्यांमुळे त्यांना ऐकू आलं नाही आणि मला ती पुन्हा, मोठ्याने मागावी लागली. आतले हातोडे थांबले.

"ठीक हाय," ते म्हणाले. "काय आनलं?"

मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खालची बाजू दाखवली. त्यांना आधी कळेना. मग कळलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि फोटो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला.

"तू काही केलं का याले?"

"काही नाही. हा कागद तुमचाच आहे. पेटीतला."

"हे पहिलेपासून होतं?"

"पहिल्यापासून."

सत्तर वर्षं ते हा फोटो बघत आले होते. पण जहाज समोर असताना खालच्या फरशीकडे कोण बघतं?

मी ठरवून आले होते की या वेळी जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं. म्हणून म्हटलं, "चाचा, हे तेच असतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साहेबाकडे आणखीही माणसं असतील. सावली आहे ही."

आतून त्यांचा एक मुलगा बाहेर येऊन पाठीमागून बघत उभा राहिला. मग चाचांनी त्या आडव्या हाताजवळ नख नेलं. "हात पाह्य कसा धरला. पुरा लांब. असा हात धरून उभं राह्यनं सोपं नाही, खांदा तुटते. नवा मानूस असता तं छत्री अर्धी आपल्या डोक्यावर घेतली असती. याच्या डोक्यावर जराशी बी नाही." त्यांनी स्वतःचा हात तसाच आडवा लांब करून पाहिला. तो थरथरायला लागला, तरी काही वेळ तसाच ठेवला. "काम येत होतं याले," ते म्हणाले.

मुलाने विचारलं, "पन आजोबाचं तोंड तं दिसतच नाही अब्बा?"

"तोंड कायचं दिसन. तो तं इकडून होता." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साधं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "म्हंजे बेटी, या अकरा फोटोत जे जे हाय, ते सारं त्यानं पाह्यलं? ही जहाजं? हा कापूस? हे मागचे लहान लहान डोंगे?"

"हो चाचा. डब्याच्या शेजारी उभं राहून."

ते हसले. आयुष्यभर आपण बापाला हमाल समजत आलो, असं त्यांनी मग सांगितलं. लोकांची ओझी वाहून वाहून मेला, आणि आपल्यासाठी काही ठेवलं नाही, याचा राग होता. आईवरही होता, की तिने नीट सांगितलं का नाही. कदाचित तिलाही नीट माहीत नसेल. तिने कॅमेरा कधी पाहिला होता की नाही, कोणास ठाऊक. हे सगळं ते सलग बोलले नाहीत. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला कूलरची जाळी दाखवली, परत येऊन बसले.

मी त्यांना अकराही फोटो मोठे करून दिले, या वेळी एकही कड न कापता. डाग, कसर, सगळ्यासकट. सावलीचा तेवढा तुकडा वेगळा मोठा करून देऊ का, म्हणून विचारलं तर नको म्हणाले. "जहाजासकटच राहू दे. त्याले कापून कायले काढायचं."

चौथा फोटो आम्ही आपालाही नेऊन दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, सावलीवरून मी काय सांगणार बाप्पा. मग छत्री दिसली तशी ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. तिला आणखी काही विचारावंसं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

माझ्या दुकानात आता कोणी पुसट चेहरा घेऊन आलं तर मी आधीच सांगते की यातलं किती तुमच्या माणसाचं असेल आणि किती यंत्राचं. काही जण तरी चालेल म्हणतात. त्यांना मी करून देते, ते त्यांनी ठरवायचं. काही जण तो धूसर फोटो तसाच परत घेऊन जातात.

चाचांनी ते फोटो दुकानात वरच्या फळीला ओळीने लावले आहेत, कूलरच्या अगदी वर. मध्यंतरी मी आईच्या पेटीची कडी बसवून घ्यायला गेले होते तेव्हा तिथे एक गिऱ्हाईक उभं होतं, मानोरा गावाकडचं. कूलर बघता बघता त्याची नजर वर गेली.

"चाचा, हे जहाजं कायचे?"

"माह्या बापाचं काम हाय," चाचा म्हणाले.

"असं? यातले तुमचे वडील कोन्ते?"

चाचांनी खुर्चीवरूनच हात लांब केला आणि आम्ही उभे होतो त्या जागेकडे बोट दाखवलं. "तो इकडं उभा हाय."

त्या माणसाने मागे वळून पाहिलं. मागे रस्ता होता, एक ऑटो, सावलीत बसलेली शेळी. तो परत वळला, क्षणभर चाचांकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं, याचा पंप चांगला राह्यते का?"

"पंपाची गॅरंटी नाही," चाचा म्हणाले. "पत्र्याची हाय."